अनेक प्रोजेक्टांच्या सोल्यूशनमध्ये बिल्डचे आउटपुट फोल्डर बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान प्रामुख्याने डॉटनेट (मायक्रोसॉफ्टचा सॉफ्टवेअर-विकासाचा मंच) आणि एमएसबिल्ड (त्यातले बिल्ड करणारे साधन) वापरणाऱ्यांसाठी आहे. बिल्ड म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणे, आणि सोल्यूशन म्हणजे एकत्र हाताळायच्या प्रोजेक्टांचा संच. प्रॉपर्टींची (बिल्डच्या सेटिंगची) आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहावीत.

काहीही न बदलता बिल्ड केले, तर आउटपुट कोठे जाते?

प्रत्येक प्रोजेक्टच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ‘बिन’ आणि ‘ओब्ज’ असे दोन फोल्डर तयार होतात. ‘बिन’मध्ये चालवण्याजोगा माल असतो, म्हणजे डीएलएल (लायब्ररीची फाइल), एक्झिक्युटेबल, दोष शोधताना लागणारी चिन्हांची पीडीबी फाइल, कॉन्फिगरेशनच्या फाइली आणि ज्यांच्यावर प्रोजेक्ट अवलंबून आहे त्या लायब्ररींच्या प्रती. ‘ओब्ज’मध्ये बिल्डच्या मधल्या टप्प्यावरचे साहित्य आणि न्यूगेटने (डॉटनेटच्या पॅकेज-व्यवस्थापकाने) केलेल्या रिस्टोअरची, म्हणजे लागणारी पॅकेजे आणून ठेवण्याची, नोंद असते. ‘बिन’च्या आत कॉन्फिगरेशनचे (डिबग किंवा रिलीज) नाव आणि त्याच्या आत टार्गेट फ्रेमवर्कचे, म्हणजे डॉटनेटच्या ज्या आवृत्तीसाठी बिल्ड होते तिचे, नाव येते; उदाहरणार्थ ‘बिन\डिबग\नेट८.०’. प्लॅटफॉर्म ‘एनी सीपीयू’ नसेल, तर कॉन्फिगरेशनच्या आधी प्लॅटफॉर्मचेही नाव लागते, आणि विशिष्ट रनटाइमसाठी (ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिम व प्रोसेसरसाठी) बिल्ड केले असेल तर सर्वांत शेवटी त्या रनटाइमची ओळख जोडली जाते.

मग ही रचना बदलण्याची गरज कोणाला पडते?

पाच-सहा प्रोजेक्टांच्या सोल्यूशनला ती सहसा पडत नाही. प्रोजेक्टांची संख्या वाढली, की सगळे आउटपुट एका जागी हवे असते, म्हणजे बिल्ड सर्व्हरला एकच फोल्डर उचलता येतो, एकच फोल्डर पुसून कोरे बिल्ड करता येते आणि सोर्सच्या झाडात बिल्डचा कचरा मिसळत नाही. अँटिव्हायरसच्या तपासणीतून आउटपुट वगळणे किंवा ते वेगळ्या, वेगवान डिस्कवर ठेवणे हीदेखील रास्त कारणे आहेत. मात्र ‘एका जागी’ या शब्दांचे दोन अर्थ होतात आणि बहुतेक अडचणी त्यांची गल्लत केल्याने उद्भवतात. सर्व प्रोजेक्टांचे फोल्डर एका मुळाखाली आणणे ही एक गोष्ट झाली. सर्व प्रोजेक्टांच्या फाइली एकाच फोल्डरात ओतणे ही निराळी गोष्ट. पहिली जवळजवळ नेहमी योग्य असते, तर दुसरी करण्यापूर्वी खाली दिलेले उत्तर वाचावे.

‘आउटपुटपाथ’, ‘आउटडिर’ आणि ‘बेसआउटपुटपाथ’ यांपैकी नेमकी कोणती प्रॉपर्टी बदलावी?

या तिघी एका साखळीतल्या आहेत. ‘बेसआउटपुटपाथ’ हे मूळ असून त्याचे ठरलेले मूल्य ‘बिन\’ असे असते. त्याला प्लॅटफॉर्म आणि कॉन्फिगरेशन जोडून ‘आउटपुटपाथ’ तयार होतो, एसडीके (डॉटनेटचा विकास-साधनसंच) त्याला फ्रेमवर्क व रनटाइम जोडते, आणि ‘आउटडिर’ला कोणी वेगळे मूल्य दिले नसेल तर ते ‘आउटपुटपाथ’वरूनच घेतले जाते. फाइली शेवटी जातात त्या ‘आउटडिर’मध्ये.

यावरून निवडीचा नियम सहज निघतो. साखळीत जितक्या आधी हात घालाल, तितकी पुढची जोडणी आपोआप होते. ‘बेसआउटपुटपाथ’ बदलला, तर डिबग आणि रिलीज यांचे वेगवेगळे फोल्डर राहतात. ‘आउटपुटपाथ’ला थेट मूल्य दिले, तर फ्रेमवर्कचे नाव जोडले जाते, पण कॉन्फिगरेशनचे जोडले जात नाही, त्यामुळे डिबगच्या फाइलींवर रिलीजच्या फाइली बसतात आणि हे पुष्कळदा फार उशिरा लक्षात येते. ‘आउटडिर’ला मूल्य दिले, तर काहीच जोडले जात नाही, सर्व जबाबदारी आपली. म्हणून सर्वसाधारण गरजेसाठी ‘बेसआउटपुटपाथ’ निवडावा. तिन्ही ठिकाणी मार्गाच्या शेवटी तिरकी रेघ द्यावी. ती विसरल्यास फोल्डरचे नाव आणि पुढचे नाव एकमेकांना चिकटण्याचा संभव असतो.

प्रत्येक प्रोजेक्ट फाइल न उघडता हा बदल एकाच ठिकाणी करता येतो का?

होय, आणि तो तसाच करावा. सोल्यूशनच्या मुळाशी ‘डिरेक्टरी.बिल्ड.प्रॉप्स’ नावाची फाइल ठेवली, की तिच्याखालच्या सर्व प्रोजेक्टांमध्ये ती आपोआप समाविष्ट होते. ही सोय एमएसबिल्ड १५ पासून, म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ पासून उपलब्ध आहे. त्या फाइलीतली मुख्य ओळ अशी दिसते :

<बेसआउटपुटपाथ>$(एमएसबिल्डधिसफाइलडिरेक्टरी)आउट\बिन\$(एमएसबिल्डप्रोजेक्टनेम)\</बेसआउटपुटपाथ>

पहिले चल (व्हेरिएबल) ती प्रॉप्स फाइल ज्या फोल्डरात आहे त्याचा पूर्ण मार्ग देते आणि त्याच्या शेवटी तिरकी रेघ आधीच असते. दुसरे चल प्रोजेक्टच्या फाइलीचे नाव देते, ज्यामुळे प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचा फोल्डर मिळतो. येथे साधा सापेक्ष मार्ग लिहू नये, कारण तो प्रॉप्स फाइलीपासून नव्हे, तर प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरपासून मोजला जातो.

दोन बारकावे ध्यानात ठेवावेत. एमएसबिल्ड प्रोजेक्टच्या फोल्डरपासून वर वर शोधत जाते आणि अशी पहिली फाइल सापडताच थांबते. त्यामुळे चाचण्यांच्या फोल्डरात दुसरी प्रॉप्स फाइल ठेवली, तर मुळाशी असलेली फाइल त्या प्रोजेक्टांपुरती गप्प बसते. दोन्ही हव्या असल्यास आतल्या फाइलीतून ‘गेटपाथऑफफाइलअबव्ह’ या फंक्शनच्या साहाय्याने बाहेरची फाइल स्पष्टपणे आयात करावी. दुसरा बारकावा असा, की ही फाइल प्रोजेक्टच्या मजकुराच्या आधी वाचली जाते, म्हणून प्रोजेक्टमध्ये लिहिलेले टार्गेट फ्रेमवर्क तिला अजून ठाऊक नसते. त्या नावावर अवलंबून असलेली अट येथे लिहिली, तर एकच फ्रेमवर्क असलेल्या प्रोजेक्टात ती कधीच खरी ठरत नाही. लिनक्सवर फाइलीच्या नावातील लहान-मोठी अक्षरेही तंतोतंत जुळावी लागतात.

सर्व प्रोजेक्टांचे आउटपुट एकाच फोल्डरात टाकले, तर काय बिघडते?

सुरुवातीला काहीच बिघडत नाही, आणि हीच या पद्धतीची खरी अडचण आहे. लायब्ररींच्या प्रती पुन्हा पुन्हा होत नाहीत, डिस्कवरची जागा वाचते, प्रोग्राम चालतो. पुढे मात्र तीन प्रकारचे दोष डोके वर काढतात.

पहिला दोष नावांच्या टकरीचा. दोन प्रोजेक्टांमध्ये ‘ॲपसेटिंग्ज.जेसन’ नावाची फाइल असेल, तर जो प्रोजेक्ट नंतर बिल्ड होईल त्याची फाइल उरते. एका प्रोजेक्टला एखाद्या पॅकेजची जुनी आवृत्ती आणि दुसऱ्याला नवी लागत असेल, तर दोन्हींची डीएलएल एकाच नावाची असल्यामुळे फोल्डरात एकच राहते आणि कोणती राहील हे बिल्डच्या क्रमावर ठरते. अनेक फ्रेमवर्कसाठी बनणाऱ्या प्रोजेक्टात तर एकाच प्रोजेक्टची दोन आउटपुटे एकमेकांवर लिहिली जातात.

दुसरा दोष समांतर बिल्डचा. एमएसबिल्ड एकाच वेळी अनेक प्रोजेक्ट बिल्ड करते. दोन प्रक्रियांनी एकाच क्षणी एकाच फाइलीवर लिहिण्याचा प्रयत्न केला, की फाइल दुसऱ्या प्रक्रियेच्या ताब्यात असल्याची सूचना येते. प्रत करणारे काम अशा वेळी एकेक सेकंद थांबून सामान्यतः दहा वेळा पुन्हा प्रयत्न करते आणि तेवढ्यात फाइल मोकळी झाली नाही, तर बिल्ड पडते. हा दोष दर वेळी दिसत नाही. एखाद्याच्या यंत्रावर तो कधीच दिसत नाही आणि बिल्ड सर्व्हरवर मधूनच दिसतो.

तिसरा दोष सर्वांत फसवा आहे. प्रत्येक प्रोजेक्ट आपण कोणत्या फाइली लिहिल्या याची यादी स्वतःच्या ‘ओब्ज’ फोल्डरात ठेवतो. पुढच्या बिल्डमध्ये त्या यादीतली एखादी फाइल आपल्याला लागत नाही असे आढळले, तर ती आउटपुटमधून काढून टाकली जाते. समजा, एका प्रोजेक्टने एका लायब्ररीचा संदर्भ सोडला. सामाईक फोल्डरातली ती डीएलएल तो पुसून टाकतो. ती आणखी एका प्रोजेक्टला हवी आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. तो दुसरा प्रोजेक्ट त्याच बिल्डमध्ये आधीच होऊन गेला असेल, तर बिल्ड यशस्वी झाल्याचे दिसते आणि प्रोग्राम सुरू होताच लायब्ररी सापडत नाही.

म्हणून शिफारस अशी, की बिल्ड करताना प्रत्येक प्रोजेक्टचा फोल्डर वेगळाच ठेवावा आणि सर्व फाइली खरोखर एकत्र हव्या असतील, तर ते काम बिल्ड पूर्ण झाल्यावर पब्लिशच्या (वितरणासाठी फाइली गोळा करण्याच्या) किंवा प्रती करण्याच्या वेगळ्या पायरीने करावे.

‘डॉटनेट बिल्ड’ला ‘आउटपुट’चा पर्याय देऊन सोल्यूशन बिल्ड केले, तर तक्रार का येते?

कारण तो पर्याय दिलेला मार्ग प्रत्येक प्रोजेक्टला जसाच्या तसा लागू करतो आणि वरच्या उत्तरातले तिन्ही दोष ओढवून घेतो. एसडीकेच्या ७.०.२०० या आवृत्तीत सोल्यूशनसोबत हा पर्याय वापरणे ही त्रुटी ठरवण्यात आली. त्यावर बऱ्याच जणांच्या स्क्रिप्ट पडल्या, तेव्हा ७.०.२०१ मध्ये तिचे रूपांतर इशाऱ्यात करण्यात आले आणि ‘पॅक’ या पॅकेज बनवणाऱ्या आज्ञेला त्यातून वगळण्यात आले. इशाऱ्याचा क्रमांक ‘एनईटीएसडीके ११९४’ असा आहे. तो दाबून टाकण्याची युक्ती शोधण्यापेक्षा मार्ग प्रॉप्स फाइलीत न्यावा. एकट्या प्रोजेक्टसाठी हा पर्याय वापरण्यास हरकत नाही.

‘ओब्ज’ फोल्डरही हलवता येतो का?

येतो, त्यासाठी ‘बेसइंटरमीडिएटआउटपुटपाथ’ ही प्रॉपर्टी आहे. परंतु ‘बिन’पेक्षा हे काम नाजूक आहे. न्यूगेट रिस्टोअर केल्यावर ‘प्रोजेक्ट.ॲसेट्स.जेसन’ ही फाइल आणि काही निर्माण केलेल्या प्रॉप्स व टार्गेट्स फाइली याच फोल्डरात ठेवते, आणि त्यांतल्या प्रॉप्स फाइली एमएसबिल्डला प्रोजेक्टचा मजकूर वाचण्यापूर्वीच लागतात. साहजिकच प्रोजेक्ट फाइलीच्या पोटात ही प्रॉपर्टी बदलली, तर अर्धे बिल्ड जुन्या मार्गावर आणि अर्धे नव्या मार्गावर चालते. एमएसबिल्ड त्याबद्दल ‘एमएसबी ३५३९’ हा इशारा देते. बदल ‘डिरेक्टरी.बिल्ड.प्रॉप्स’मध्येच करावा, आणि मार्गात प्रोजेक्टचे नाव असलेच पाहिजे. दोन प्रोजेक्टांनी ‘ओब्ज’ वाटून घेतला, तर एकाच्या पॅकेजांची नोंद दुसऱ्याच्या नोंदीवर लिहिली जाते. यात तडजोडीला जागा नाही.

‘ओब्ज’ हलवल्यानंतर असेम्ब्लीची (बिल्डमधून बनणाऱ्या डीएलएल किंवा एक्झिक्युटेबलची) विशेषणे (ॲट्रिब्यूट) दोनदा आल्याची त्रुटी येते. कोड तर बदललेला नाही.

जुना ‘ओब्ज’ फोल्डर प्रोजेक्टमध्ये तसाच पडून आहे. नव्या पद्धतीचे सी शार्प प्रोजेक्ट आपल्या फोल्डराखालच्या सर्व सोर्स फाइली आपोआप उचलतात आणि त्यातून फक्त सध्याचे आउटपुट व मधले फोल्डर वगळतात. मार्ग बदलताच जुना ‘ओब्ज’ वगळण्याच्या यादीतून बाहेर पडतो, त्यातली निर्माण झालेली असेम्ब्ली-माहितीची फाइल कंपाइल होऊ लागते आणि ‘सीएस ०५७९’ ही त्रुटी येते. जुने ‘बिन’ आणि ‘ओब्ज’ हाताने पुसावेत. ‘क्लीन’ आज्ञेवर येथे विसंबू नये. ती सध्याच्या मार्गावरच्या, सध्याच्या कॉन्फिगरेशनच्या नोंदलेल्या फाइली काढते, मागे राहिलेले फोल्डर तिला दिसत नाहीत.

डॉटनेट ८ मधील ‘आर्टिफॅक्ट्स’ची रचना वापरावी का?

नवे सोल्यूशन असेल, तर निःसंकोच वापरावी. ‘यूजआर्टिफॅक्ट्सआउटपुट’ या प्रॉपर्टीला ‘ट्रू’ हे मूल्य दिले, की प्रॉप्स फाइलीच्या शेजारी ‘आर्टिफॅक्ट्स’ नावाचा एकच फोल्डर तयार होतो आणि त्यात ‘बिन’, ‘ओब्ज’, ‘पब्लिश’ व ‘पॅकेज’ असे विभाग पडतात. त्यांच्या आत प्रोजेक्टचे नाव आणि मग कॉन्फिगरेशन लहान अक्षरांत येते. पॅकेजच्या विभागात मात्र प्रोजेक्टचे नाव नसते. प्रोजेक्ट एकाच फ्रेमवर्कसाठी असेल, तर शेवटच्या फोल्डरचे नाव नुसते ‘डिबग’ असते आणि अनेक फ्रेमवर्कसाठी असेल, तर खालच्या रेघेने फ्रेमवर्कचे नाव जोडले जाते. आधी वर्णन केलेली सर्व हातकामे यात एका ओळीत उरकतात. ‘डॉटनेट न्यू बिल्डप्रॉप्स’ या आज्ञेला ‘यूज-आर्टिफॅक्ट्स’ हा पर्याय दिल्यास ती फाइलही तयार मिळते.

ही प्रॉपर्टी प्रोजेक्ट फाइलीत चालत नाही; ती प्रॉप्स फाइलीत किंवा आज्ञेसोबतच द्यावी लागते. फोल्डर प्रोजेक्टच्या नावावरून ठरत असल्यामुळे वेगवेगळ्या फोल्डरांत एकाच नावाचे दोन प्रोजेक्ट असतील, तर त्यांची टक्कर होते. मूळ फोल्डर दुसरीकडे हवा असल्यास ‘आर्टिफॅक्ट्सपाथ’ला मूल्य द्यावे.

फ्रेमवर्कच्या नावाचा आतला फोल्डर नको असेल तर?

‘अपेंडटार्गेटफ्रेमवर्कटूआउटपुटपाथ’ला ‘फॉल्स’ करावे. रनटाइमच्या नावासाठी अशीच एक जुळी प्रॉपर्टी आहे. प्रोजेक्ट अनेक फ्रेमवर्कसाठी असेल, तर हे करू नये.

प्रोजेक्ट फाइली जुन्या पद्धतीच्या आहेत आणि प्रॉप्स फाइलीतील मूल्य लागूच होत नाही. का?

जुन्या पद्धतीच्या फाइलींत प्रत्येक कॉन्फिगरेशनच्या गटात ‘आउटपुटपाथ’ उघडपणे लिहिलेला असतो आणि नंतर लिहिलेले मूल्य आधीच्या मूल्यावर मात करते. ती ओळ ‘डिरेक्टरी.बिल्ड.टार्गेट्स’मधून पुन्हा बदलण्याचा मोह होतो. परंतु ती फाइल वाचली जाईपर्यंत ‘आउटडिर’ ठरून गेलेला असतो. प्रत्येक प्रोजेक्टमधील ती ओळ काढणे हाच सरळ उपाय आहे. कंटाळवाणे काम आहे, पण एकदाच करावे लागते.

‘सोल्यूशनडिर’ वापरलेला मार्ग व्हिज्युअल स्टुडिओत चालतो, बिल्ड सर्व्हरवर मात्र विचित्र फोल्डर तयार होतो.

ते चल सोल्यूशनमधून बिल्ड केल्यावरच भरलेले असते. सर्व्हर एकेक प्रोजेक्ट स्वतंत्रपणे बिल्ड करत असेल, तर त्याला योग्य मूल्य मिळत नाही. प्रॉप्स फाइलीच्या स्वतःच्या फोल्डरवरून मार्ग बांधला, तर हा प्रश्न उरत नाही.

प्लगइनची डीएलएल मुख्य प्रोग्रामच्या फोल्डरात आपोआप कशी पोहोचवावी?

प्लगइनच्या प्रोजेक्टचा ‘आउटडिर’ थेट मुख्य प्रोग्रामच्या ‘प्लगइन्स’ उपफोल्डरावर रोखणे हा सर्वांना सुचणारा उपाय आहे, पण त्यामुळे करारांची (दोघांनी वापरायच्या इंटरफेसांची) सामाईक लायब्ररी दोनदा येते आणि धावताना एकाच इंटरफेसचे दोन वेगळे प्रकार तयार होण्याचा धोका असतो. अधिक भरवशाची पद्धत अशी : प्लगइनचा आउटपुट फोल्डर वेगळाच ठेवावा, ‘एनेबलडायनॅमिकलोडिंग’ला ‘ट्रू’ करावे, आणि सामाईक लायब्ररीच्या प्रोजेक्ट-संदर्भात ‘प्रायव्हेट’ला ‘फॉल्स’ व ‘एक्सक्लूडॲसेट्स’ला ‘रनटाइम’ हे मूल्य द्यावे, म्हणजे तिची प्रत होत नाही. त्यानंतर बिल्ड झाल्यावर चालणाऱ्या टार्गेटमधून (एमएसबिल्डच्या कामांच्या गटातून) प्लगइनचा संपूर्ण फोल्डर, त्यातल्या अवलंबनांच्या जेसन फाइलीसह, मुख्य प्रोग्रामच्या ‘प्लगइन्स’खाली प्रत करावा. प्लगइन आधी बिल्ड व्हावे, पण मुख्य प्रोग्रामने त्याच्या डीएलएलचा संदर्भ घेऊ नये, असे हवे असल्यास प्रोजेक्ट-संदर्भावर ‘रेफरन्सआउटपुटअसेम्ब्ली’ला ‘फॉल्स’ करावे.

एकच सोर्स फोल्डर विंडोजवर आणि लिनक्सच्या कंटेनरमध्ये उघडला, की दर वेळी रिस्टोअर का करावे लागते?

‘प्रोजेक्ट.ॲसेट्स.जेसन’मध्ये पॅकेजांच्या साठ्याचे पूर्ण मार्ग लिहिलेले असतात आणि एका प्रणालीवरचा मार्ग दुसरीला कळत नाही. प्रॉप्स फाइलीत ‘इजओएसप्लॅटफॉर्म’ या फंक्शनची अट घालून दोन्हींसाठी वेगळा मूळ मार्ग द्यावा. तो प्रोजेक्टच्या फोल्डराबाहेर असावा. आत ठेवल्यास एका प्रणालीचा ‘ओब्ज’ दुसरीला सोर्स वाटतो आणि पुन्हा ‘सीएस ०५७९’ समोर येते.

सी प्लस प्लसच्या प्रोजेक्टांना हेच नियम लागू होतात का?

पूर्णपणे नाही. व्हिज्युअल स्टुडिओच्या सी प्लस प्लस प्रोजेक्टांचे आउटपुट मुळातच सोल्यूशनच्या सामाईक फोल्डरात जाते. त्यामुळे त्या जगातून आलेल्यांना डॉटनेटचे विखुरलेले ‘बिन’ खटकतात. तेथे शेवटचा मार्ग ‘आउटडिर’ आणि मधल्या फाइलींचा मार्ग ‘इंटडिर’ ठरवतो. दोन प्रोजेक्टांचा ‘इंटडिर’ एकच झाला, तर ‘एमएसबी ८०२८’ हा इशारा येतो आणि तो गांभीर्याने घ्यावा. लिंकरच्या सेटिंगमध्ये आउटपुट फाइलीचा मार्ग वेगळा हाताने लिहिलेला असेल, तर ‘एमएसबी ८०१२’ येतो. अशा वेळी लिंकरचे मूल्य पुन्हा मूळ चलांवर आणावे.

मार्ग बदलल्यावर आणखी कोठे कोठे दुरुस्ती करावी लागते?

जेथे जेथे ‘बिन\डिबग’ अक्षरशः लिहिले आहे, तेथे तेथे : बिल्डनंतरच्या आज्ञा, व्हीएस कोडची ‘लाँच.जेसन’, इन्स्टॉलरची स्क्रिप्ट, कंटेनरची फाइल, बिल्ड सर्व्हरची पाइपलाइन. बिल्डनंतरच्या आज्ञांमध्ये ‘टार्गेटडिर’ आणि ‘टार्गेटपाथ’ ही चले वापरावीत, म्हणजे पुढचा बदल आपोआप पोहोचतो. चाचण्यांनी नमुना फाइली ‘चार पायऱ्या वर’ अशा सापेक्ष मार्गाने उघडल्या असतील, तर त्या पडतील. त्या फाइली आउटपुटमध्ये प्रत करून ‘ॲपकॉन्टेक्स्ट.बेसडिरेक्टरी’वरून शोधाव्यात. गिटच्या दुर्लक्ष-यादीत नवा मूळ फोल्डर घालावा.

बदललेले मूल्य खरोखर लागू झाले आहे, हे कसे तपासावे?

डॉटनेट ८ च्या एसडीकेपासून बिल्डच्या आज्ञेला ‘गेटप्रॉपर्टी’ हा पर्याय देऊन ‘आउटडिर’चे अंतिम मूल्य बिल्ड न करताच छापता येते. अनेक फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टात सोबत एक फ्रेमवर्कही नमूद करावे. मूल्य नेमके कोठे बदलले हे शोधायचे असेल, तर ‘पीपी’ हा पर्याय सर्व आयात फाइली उलगडून एकसंध मजकूर देतो. सर्वांत उपयोगी पडतो तो ‘बीएल’, जो बायनरी लॉग तयार करतो. तो स्ट्रक्चर्ड लॉग व्ह्यूअरमध्ये उघडला, की एकाच ठिकाणी दोनदा लिहिल्या गेलेल्या फाइलींची वेगळी यादी दिसते. सामाईक फोल्डर वापरणाऱ्या जुन्या सोल्यूशनची ही यादी एकदा पाहावी. पुढचा वाद सहसा तेथेच मिटतो.

पब्लिश आणि पॅकेजचे फोल्डर वेगळे ठरवता येतात का?

‘पब्लिशडिर’ आणि ‘पॅकेजआउटपुटपाथ’ या प्रॉपर्टी त्यासाठीच आहेत. डॉटनेट ८ पासून, त्या किंवा नंतरच्या फ्रेमवर्कसाठी, ‘पब्लिश’ची आज्ञा कॉन्फिगरेशन न सांगितल्यास रिलीज धरते, फाइली डिबगमध्ये शोधणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट त्यामुळे रिकाम्या हाताने परततात.

सीमेक, ग्रेडल किंवा मेव्हन ही इतर बिल्ड साधने वापरत असल्यास?

ग्रेडलमध्ये प्रत्येक उपप्रोजेक्टचा ‘लेआउट.बिल्डडिरेक्टरी’ ठरवावा, पूर्वीचा ‘बिल्डडिर’ ८.३ पासून कालबाह्य ठरवला आहे. मेव्हनमध्ये ‘टार्गेट’ फोल्डरचा मार्ग मूळ पॉमच्या (प्रोजेक्टच्या वर्णन-फाइलीच्या) बिल्ड विभागातून बदलतो आणि त्यात मॉड्यूलचे नाव घालणे येथेही तितकेच आवश्यक आहे. सीमेकमध्ये रनटाइम, लायब्ररी आणि आर्काइव्ह अशा तीन आउटपुट डिरेक्टरींची चले आहेत. ती उपफोल्डर जोडण्यापूर्वी ठरवावीत, कारण आधीच तयार झालेल्या टार्गेटांना ती लागू होत नाहीत. विंडोजवर डीएलएल ही रनटाइमच्या आणि तिची इम्पोर्ट लायब्ररी आर्काइव्हच्या फोल्डरात जाते, याचा विचार करूनच ती तीन मूल्ये द्यावीत.